छोटा हत्ती आणि मोठा कारखाना

पिंपरीच्या टाटा मोटर्समधल्या एका अभियंत्याच्या खात्यावर दोन गाड्या जमा आहेत. अभियंत्याचं नाव गिरीश वाघ. पहिली गाडी मे २००५ मध्ये बाजारात आली. कंपनीने तिला 'एस' म्हटलं, पण बाजार समित्यांच्या आवारात ते नाव क्वचितच कोणी घेतं. सगळ्यांसाठी ती 'छोटा हत्ती' आहे. बारा वर्षांत ती वीस लाखांवर खपली. दुसरी गाडी मार्च २००९ मध्ये आली. तिच्या आगमनाची बातमी जगभर गाजली, तिच्यावर पुस्तकं निघाली, व्यवस्थापनाच्या वर्गांत तिचे धडे शिकवले गेले. दहा वर्षं व्हायच्या आत तिचं उत्पादन थांबलं. ती नॅनो.

कंपनी एक, शहर एक, प्रमुख तोच, दोन्ही गाड्यांची इंजिनंही दोन-दोन सिलिंडरची. तरी एकीने लाखो घरांचा संसार चालवला आणि दुसरी कुचेष्टेचा विषय झाली. यावर नेहमीचं उत्तर म्हणजे नशीब: पश्चिम बंगालमधल्या सिंगूरला आंदोलन झालं, तिथला कारखाना हलवावा लागला, काही गाड्यांनी पेट घेतला. यातलं काहीच खोटं नाही, पण एवढ्याने कोडं सुटत नाही. उरलेलं उत्तर मला गाडीच्या बॉनेटखाली सापडत नाही. ते कंपनीच्या रचनेत आहे. मुळात प्रश्न कोणी काढला, तो कोणाला विचारला आणि उत्तर आल्यावर त्यानुसार बेत बदलायची मुभा कोणाला होती, यावर ते अवलंबून आहे. उद्योगातली नवनिर्मिती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एखादा विलक्षण बुद्धीचा माणूस येतो. कल्पना सुचणं हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत स्वस्त भाग असतो. ती कल्पना किती टेबलांवरून फिरते आणि फिरताना तिचं काय होतं, हे खरं महागाचं काम. टाटांच्या पुणे कारखान्याची साठ वर्षं त्या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत.

*

सुरुवात सुमंत मुळगावकरांपासून करावी लागते. जन्म मुंबईचा, १९०६ चा. शिक्षण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात. सुरुवातीची उमेदीची वर्षं एसीसी या सिमेंट कंपनीत गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशातून यंत्रं येईनाशी झाली, तेव्हा सिमेंटच्या कारखान्याची यंत्रसामग्री इथेच बनवण्याचा खटाटोप त्यांनी केला. १९४९ मध्ये जे. आर. डी. टाटांनी त्यांना टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, आणलं. टेल्को तेव्हा जमशेदपूरला रेल्वेची इंजिनं बनवायची. १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि ट्रक बनू लागले. त्या ट्रकच्या नाकावर मर्सिडिजचा तीन टोकांचा तारा असायचा. जुने ट्रकवाले कितीतरी वर्षं टाटाच्या गाडीला 'मर्सिडिज'च म्हणत.

करार १९६९ मध्ये संपणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. अशा वेळी आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांचा शिरस्ता साधा होता. करार वाढवून घ्यायचा, नाही वाढला तर दुसरा परदेशी भागीदार शोधायचा, तोवर परवाना राजच्या बंद बाजारात जे निघतं ते विकायचं. गिऱ्हाईक रांगेत उभंच होतं. मुळगावकरांनी त्याऐवजी पुण्याजवळ चिंचवड-पिंपरीत जमीन घेतली आणि तिथे आधी ट्रक न बनवता ट्रक बनवणारी यंत्रं बनवायला घेतली. मशीन टूल, प्रेसच्या डाय, जिग, फिक्श्चर. १९६६ मध्ये अभियांत्रिकी संशोधन केंद्र पुण्यात सुरू झालं. पुण्याच्या कारखान्यातून पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं ते १९७७ मध्ये.

मधली अकरा वर्षं हा या गोष्टीचा कणा आहे. एवढा काळ एक खाजगी कंपनी अशा गोष्टीवर पैसे घालत राहिली, जी विकता येत नाही. उजाड माळावर झाडं लावली, तळं बांधलं. आज कारखान्याच्या आवारातल्या त्या तळ्यावर पक्षी उतरतात. अप्रेंटिसांसाठी प्रशिक्षण विभाग काढला. खेड्यातून आलेली, दहावी-अकरावी झालेली पोरं तिथे फिटर, टर्नर, टूलमेकर झाली. हाताला मायक्रॉनची सवय लागली. भागधारकांच्या सभेत 'हा खर्च कशासाठी?' असं विचारलं गेलं असतं, तर ताळेबंदातल्या आकड्यांत त्याचं उत्तर दाखवता आलं नसतं. ते द्यायला वर जे. आर. डीं.सारखा अध्यक्ष लागतो आणि खाली आपल्या कामाची घाई नसलेला मुख्य अभियंता. बंदिस्त बाजारपेठेचाही यात वाटा होता, तो नाकारू नये. स्पर्धा नसल्याने मिळालेला नफा अनेकांनी चैनीत किंवा दुसऱ्याच धंद्यांत घातला. मुळगावकरांनी तो टूलरूममध्ये घातला.

त्यांच्याबद्दलची एक गोष्ट व्हॉट्सअॅपवर फिरत असते. दुपारी जेवायला ते कुठे गायब होतात याचं म्हणे कंपनीत कुतूहल होतं. मागावर गेलेल्यांना ते महामार्गावरच्या ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांबरोबर जेवताना, त्यांच्या तक्रारी टिपून घेताना सापडले. दंतकथा म्हणून ती फार छान आहे. मला तिच्यातली वेगळीच बाब टोचते. गिऱ्हाइकाशी बोलणं हे काम ज्या संस्थेत साहेबाच्या खाजगी सवयीवर चालतं, तिथे साहेब गेले की ते कामही जातं. पुढे नेमकं तसंच झालं.

*

त्याआधी एक मोठी लढाई जिंकली गेली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सरकारने हलक्या व्यावसायिक वाहनांसाठी दरवाजे उघडले आणि चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांबरोबर उतरल्या: डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, स्वराज-माझदा, आयशर-मित्सुबिशी. बंद बाजारात वाढलेल्या टेल्कोचं आता काही खरं नाही, असाच सर्वसाधारण समज होता. टेल्कोने दीड वर्षाच्या आसपास स्वतःची गाडी काढली. १९८६ ची टाटा ४०७. रचना, साचे, अवजारं सगळं घरचं. मुळगावकरांच्या अकरा वर्षांचं व्याज एका हप्त्यात परत आलं. साच्यांसाठी परदेशी ऑर्डर देऊन बसावं लागलं असतं, तर दीड वर्षात कागदपत्रंच झाली असती.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, ती म्हणजे येन. सप्टेंबर १९८५ च्या प्लाझा करारानंतर जपानी चलन झपाट्याने महागलं. जे सुटे भाग जपानहून पेट्यांतून यायचे, त्यांच्या किमती भारतीय भागीदारांच्या डोळ्यांदेखत चढत गेल्या. टाटांचे भाग मात्र रुपयांत बनत होते. दैवाने हात दिला, पण तो धरायला इथे टूलरूम होती. डीसीएम-टोयोटा पुढे देवूकडे गेली, ऑल्विन-निस्सान महिंद्रांकडे. ४०७ आजही विकली जाते.

१९८८ च्या अखेरीस टेल्कोचं अध्यक्षपद रतन टाटांकडे आलं. जुलै १९८९ मध्ये मुळगावकर गेले. त्याच सुमारास पुण्याचा कारखाना कामगार नेते राजन नायर यांच्या नेतृत्वाखालच्या संपाने हादरला होता. सप्टेंबर १९८९ मध्ये शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसलेल्या कामगारांना पोलिसांनी रात्रीतून उचललं. संप मोडला. त्या संपाच्या राजकारणात इथे शिरत नाही. पण ज्या कारखान्याने अप्रेंटिसांना हाताला धरून घडवलं, त्याच्याच शॉपफ्लोअरचं आणि वरच्या मजल्याचं बोलणं इतकं तुटलं होतं, हे नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चांगले साचे बनवणारी संस्था माणसांचं ऐकणारी असेलच असं नाही. दोन्ही कौशल्यं वेगळी आहेत, आणि दुसरं कौशल्य यंत्रासारखं विकत घेऊन बसवता येत नाही.

*

इंडिकाची कहाणी अनेकदा सांगून झाली आहे, म्हणून थोडक्यात. अॅम्बेसेडरची ऐसपैस जागा, मारुती झेनचा आकार, मारुती ८०० च्या आसपासची किंमत आणि डिझेलचा खर्च, असं रतन टाटांनी मांडलेलं गणित. खर्च सुमारे १,७०० कोटी रुपये. निस्सानचा ऑस्ट्रेलियातला बंद पडलेला कारखाना नव्याच्या पाचव्या हिश्शात विकत घेतला, तो तिथे जाऊन आपल्याच माणसांनी सुटा केला आणि जहाजाने पुण्यात आणून जोडला. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात गाडी दिसली, डिसेंबरात विक्री जाहीर झाली आणि १ लाख १५ हजार लोकांनी पूर्ण पैसे भरून नोंदणी केली. ट्रक बनवणाऱ्या कंपनीने स्वतः घडवलेली मोटार, हे तेव्हा कोणाला खरं वाटत नव्हतं.

पुढे तक्रारींचा पाऊस पडला. आवाज, हादरे, बारीकसारीक बिघाड. ट्रकचा मालक एक स्क्रू ढिला निघाला तर रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडून आवळून घेतो. मोटारीचा मालक पत्र लिहितो, शोरूममध्ये येऊन आवाज चढवतो. कंपनी, तिचे व्हेंडर, तिचे विक्रेते सगळे ट्रकच्या शिस्तीत वाढलेले होते. दोष शोधून, एकेक भाग सुधारून २००१ मध्ये 'व्ही-टू' आली आणि ती चालली. या दुरुस्तीच्या वर्षांतच निरनिराळ्या खात्यांतली माणसं पहिल्यांदा एकाच टेबलाभोवती रोज बसू लागली, असं मला वाटतं. अपयश पदरात आल्यावर कोणाच्या खात्याचं काय, हा वाद परवडत नाही.

मात्र तोवर ट्रकचा बाजार कोसळला होता. २०००-०१ या वर्षात कंपनीला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. टेल्कोला असा तोटा माहीतच नव्हता. पुण्यात तेव्हा ज्याच्या घरातलं कोणी टेल्कोत नाही असं घर शोधावं लागे, त्यामुळे ही बातमी अर्थविषयक पानांपुरती राहिली नाही. चिंचवड-भोसरीतल्या व्हेंडरांच्या गाळ्यांपर्यंत तिची झळ गेली. टेल्कोची ऑर्डर थांबली की दहा-पंधरा माणसांचा गाळा दोन पगारांपलीकडे तग धरत नाही.

*

व्यावसायिक वाहनांची सूत्रं त्या सुमारास रवी कांत यांच्याकडे आली. त्यांचा पूर्वेतिहास वाचला की गंमत वाटते. हॉकिन्सचे कुकर, पुण्याच्या कायनेटिकच्या दुचाक्या, टायटनची घड्याळं, एलएमएलच्या स्कूटर, फिलिप्सचे टीव्ही. विक्री आणि मार्केटिंगमध्ये मुरलेला माणूस. ज्या कंपनीत मान डिझाइनला आणि उत्पादनाला, तिथल्या ट्रकच्या धंद्यावर कुकर विकलेला माणूस येऊन बसला. कुकर विकणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: गिऱ्हाईक आपल्या वस्तूवाचून आजवर जगत आलंय, आणि उद्याही जगेल. रांगेतल्या गिऱ्हाइकाची सवय लागलेल्या कंपनीत हे कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

आधी खर्चाला कात्री लागली. ते कोणीही करतं. नंतर डिसेंबर २००० मध्ये तिशीच्या आसपासच्या वाघांना बोलावून लहान मालवाहू गाडीचं काम दिलं गेलं. पुण्याच्या एमआयटीतून अभियांत्रिकी आणि मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेतून व्यवस्थापन शिकलेले वाघ कंपनीत १९९२ पासून होते. त्या काळच्या टेल्कोत नव्या गाडीचा प्रमुख व्हायचं वय ते नव्हतं. तिथे केस पिकल्याशिवाय बैठकीत बोलण्याची रीत नव्हती. निवडीतला हा धक्का मला पुढच्या सगळ्या तांत्रिक करामतींपेक्षा मोलाचा वाटतो. ज्येष्ठ अभियंत्याकडे काम गेलं असतं, तर त्याने अनुभवाने ट्रक लहान करत आणला असता. ४०७ कापून ३०७ झाली असती.

वाघ आणि त्यांचे सहकारी तीनचाकी मालवाहू टेम्पोंच्या चालक-मालकांना भेटत सुटले. ही तीनचाकी बनवत कोण होतं? आकुर्डीची बजाज, बारामतीत कारखाना असलेली पियाजिओ. म्हणजे मुख्य स्पर्धक एकाच जिल्ह्यातले. तेव्हा महामार्ग रुंद होत होते, त्यांवर अधिक चाकांचे मोठे ट्रक धावू लागले होते आणि शहरांत दिवसा अवजड वाहनांना बंदी वाढत होती. माल शहराच्या वेशीवर उतरणार आणि तिथून गल्लीबोळांत जाणार, हे स्पष्ट होतं. ते शेवटचे दहा-वीस किलोमीटर तीनचाकी सांभाळत होती: हळू, हादरे देत, वळणावर एका अंगाला कलत.

कंपनीच्या कागदावर प्रश्न असा होता, की आपण तीनचाकी काढावी की चारचाकी? इंधन, किंमत, भार असा तक्ता मांडला, तर उत्तर कुठल्याही बाजूला झुकवता आलं असतं. चालकांच्या बोलण्यात मात्र भलतंच निघालं. त्यांना किफायत हवीच होती, पण त्याहून जास्त हवी होती चार चाकं. कारण चार चाकांचा माणूस गावात वेगळा मोजला जातो. चारचाकी असती तर लग्नाला बरं स्थळ मिळालं असतं, अशा अर्थाचं एक तरुण बोलून गेला. कंपनीतल्या लोकांनी हा किस्सा नंतर जगभर सांगितला. मराठी माणसाला यात नवल नाही. मुलगा काय करतो, या प्रश्नावर 'टेम्पो चालवतो' आणि 'स्वतःची गाडी आहे' या दोन उत्तरांत किती अंतर आहे, ते आपल्याकडच्या कोणत्याही आत्याबाईला विचारावं.

असं वाक्य प्रत्येक कंपनीच्या कानांवर कधीतरी पडतं. पाहणी करणारा ते लिहूनही घेतो. नंतर अहवाल तयार होतो, त्यात ते 'प्रतिष्ठेचा घटक' होतं, अहवाल वर जातो तसं ते एका ओळीत येतं आणि शेवटच्या सादरीकरणात ती ओळ गळते. इथे तसं झालं नाही, कारण ऐकणारा आणि ठरवणारा यांच्यामध्ये मजलेच नव्हते. ज्याने चालकाचं बोलणं ऐकलं, त्याच्याच हातात डिझाइन, किंमत, व्हेंडर आणि वेळापत्रक यांची दोरी होती, आणि तो थेट रवी कांत यांना उत्तर द्यायचा. जपानमध्ये टोयोटाने हीच पद्धत पन्नासच्या दशकात रुजवली होती. १९५५ च्या क्राउन मोटारीसाठी केन्या नाकामुरा यांना 'शुसा' म्हणजे त्या गाडीचा मुख्य अभियंता नेमलं आणि तेव्हापासून तिथे प्रत्येक गाडीला असा एक धनी असतो. सगळ्या खात्यांना त्याचं ऐकावं लागतं. आपल्याकडे खात्याला धनी असतो, गाडीला नसतो. मग डिझाइनवाले उत्पादनाला दोष देतात, उत्पादनवाले खरेदीला, आणि बिचारी गाडी पोरकी राहते.

निर्णय चार चाकांचा झाला. आता किमतीचं गणित. तीनचाकीवाल्याला परवडायची तर सव्वादोन लाखांच्या आसपास बसवायला हवी. लहान डिझेल इंजिन आणायचं कुठून? त्यांनी इंडिकाचं चार सिलिंडरचं, १,४०५ सीसीचं इंजिन निम्मं केलं: दोन सिलिंडर, ७०२ सीसी, सोळा अश्वशक्ती. वाचायला गमतीचं वाटतं, करायला अवघड. चार सिलिंडर एकमेकांचे धक्के बरेचसे सांभाळून घेतात, दोन उरले की गाडी थरथरते. पण इंजिन स्वतःचं असल्याने त्याला कापण्याजोडण्याची परवानगी कोणाकडे मागायची नव्हती. परवान्यावर घेतलेलं इंजिन असतं, तर ही कल्पना पत्रव्यवहारातच विझली असती. ज्या इंडिकाने कंपनीला रडवलं, तिच्याच पोटातून छोट्या हत्तीचं काळीज आलं. आणि इंडिका आली होती टूलरूममधून. संस्थेची स्मृती म्हणतात ती ही. ती फायलींत नसते, ती कोणाला काय करता येतं यात असते.

बरेचसे भाग व्हेंडरांनी बनवायचे, किमतीची बोली इंटरनेटवर लावायची, असे बदल झाले. कागदावर पासिंग साडेसातशे किलोचं, पण चालक दीडपट माल भरणार हे धरून चालावं लागतं. भाजीवाला वजनकाटा घेऊन बसत नाही. गाडी एकदम देशभर न उतरवता आधी काही राज्यांत विकली. मला विशेष आवडलेली गोष्ट विक्रीतली आहे. ट्रकच्या भव्य शोरूममध्ये तीनचाकीवाला पाऊल टाकायला बिचकतो, हे ओळखून छोट्या गावांत छोटे विक्रीकाउंटर उघडले. गाडी नवी काढली आणि विकायची रीत जुनीच ठेवली, तर नवलाई निम्मीच पोचते. दोन वर्षं व्हायच्या आत लाखावी गाडी विकली गेली. उत्तराखंडात पंतनगरला खास तिच्यासाठी कारखाना उभा राहिला.

पुण्याच्या मार्केट यार्डात पहाटे गेलं, की या सगळ्या व्यवस्थापनशास्त्राचं रोकड रूप दिसतं. कोथिंबिरीच्या जुड्या, टोमॅटोचे क्रेट, मागच्या फळीवर 'आई-वडिलांची कृपा'. बहुतेक गाड्या कर्जाऊ घेतलेल्या. चालकाचं गणित महिन्याच्या हप्त्यापाशी सुरू होतं: दिवसाला इतक्या खेपा झाल्या तर हप्ता, डिझेल आणि घर; एक खेप कमी झाली तर घरात काटकसर. गाडी दोन दिवस गॅरेजला लागली तर सावकार आठवतो. या गणितात बसेल अशी वस्तू बनवणं हे रॉकेट बनवण्याइतकंच कौतुकाचं आहे, फक्त त्याला टाळ्या पडत नाहीत.

*

टाळ्या नॅनोला पडल्या. पावसात स्कूटरवरून भिजत चाललेलं चौकोनी कुटुंब रतन टाटांनी पाहिलं आणि त्यांना सुरक्षित, परवडणारी गाडी द्यावी असं वाटलं. कळवळा खरा होता. २००३ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात एका इंग्रजी वृत्तपत्राच्या बातमीदाराशी बोलताना किमतीचा अंदाज निघाला: सुमारे एक लाख रुपये. तो मथळ्यात छापला गेला आणि टाटांनी तो शब्द मानला. शब्दाला जागणं हा मोठा गुण आहे. गाडीच्या रचनेसाठी ती मोठी अडचण होती. छोट्या हत्तीची किंमत चालकाच्या हप्त्यापासून उलट मोजत आली होती. नॅनोची आधी जाहीर झाली आणि अभियंत्यांना ती गाठायची होती.

त्यांनी ती गाठलीही. २००५ पासून वाघांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं. मागे बसवलेलं ६२४ सीसीचं पेट्रोल इंजिन, वायपर एकच, चाकाला चारऐवजी तीन नट. दोन रुपये वाचवायला महिनोन् महिने खपलेली माणसं. बॉशसारखे व्हेंडर डिझाइनच्या टेबलावर आले. अभियांत्रिकी म्हणून नॅनो एसपेक्षा वरचढ आहे, असं मला तरी वाटतं. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत पडदा वर गेला, तेव्हा सगळ्या जगाचे कॅमेरे तिथे होते.

ऑक्टोबरमध्ये आंदोलनामुळे सिंगूरचा कारखाना सोडावा लागला. सुरुवातीच्या नॅनो पंतनगरला, छोट्या हत्तीच्याच कारखान्यात बनल्या. गुजरातेत साणंदचा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला, क्षमता वर्षाला अडीच लाख. सर्वांत चांगल्या वर्षात, २०११-१२ मध्ये, खप पाऊण लाखाच्याही किंचित खाली राहिला. नोंदणी दोन लाखांवर गेली होती ती उशिराने, भीतीने आणि संकोचाने विरली. त्यातला संकोच महत्त्वाचा. 'जगातली सर्वांत स्वस्त गाडी' ही ओळख तिला चिकटली आणि रतन टाटांनीही पुढे ती चूक झाल्याचं बोलून दाखवलं.

आता लग्नाच्या स्थळाचं बोलून गेलेल्या त्या तरुणाकडे पाहा. चार चाकं त्याला वर नेत होती. स्कूटरवाल्या कुटुंबालाही मोटार हवी होती ती वर जाण्यासाठीच. सर्वांत स्वस्त गाडी दारात लावणं म्हणजे सोसायटीतल्या सगळ्यांना आपला पगार सांगणं. त्या पैशांत वापरलेली मारुती येत होती, आणि तिच्यावर गरिबीचा शिक्का नव्हता. हे ओळखायला फार मोठी पाहणी नको होती. कंपनीने काही वर्षांपूर्वी तेच ऐकलं होतं, तेही वाघांच्याच कानांनी. पण या वेळी प्रश्न वरून आला होता. अध्यक्षांनी जगापुढे दिलेला आकडा, देशाची शान, कॅमेरे. अशा कामाच्या प्रमुखाला गाडी कशी बनवायची याचं सगळं स्वातंत्र्य असतं. ही गाडी लोकांना नेमकी कोणत्या नावाने आणि कोणत्या भावात हवी आहे, हा प्रश्न पुन्हा उघडायचं नसतं. चूक व्यक्तीची म्हणता येत नाही. वरच्याचा शब्द जितका थोर, तितकी त्यावर शंका काढणं खालच्याला जड जातं. आपल्या घराघरांत हे चालतं, कारखान्यात वेगळं कसं चालेल?

*

छोट्या हत्तीचा धंदाही पुढे सोपा राहिला नाही. २०११ मध्ये अशोक लेलँड आणि निस्सानने 'दोस्त' आणली, महिंद्राच्या पिकअपनी थोडा जास्त माल, थोडं जास्त बळ देऊन गिऱ्हाईक ओढलं. २०२० मध्ये बीएस-सहा नियम आले आणि लहान डिझेल इंजिनाला प्रदूषण-नियंत्रणाची साधनं बसवणं महाग झालं. कंपनीने पेट्रोलची आवृत्ती काढली. २०२२ मध्ये विजेवरची एस जाहीर झाली, तेव्हा ३९,००० गाड्यांचे करार झाले. ते करार वाचण्याजोगे आहेत. त्यांत चालक-मालक नव्हते. त्यांत अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, बिगबास्केट अशी नावं होती.

म्हणजे गिऱ्हाईक फुटलं आहे. एका बाजूला मार्केट यार्डातला हप्तेवाला, दुसऱ्या बाजूला गोदामाच्या वातानुकूलित केबिनमध्ये दर किलोमीटरचा खर्च पाहणारा व्यवस्थापक. या दुसऱ्याच्या मुलीला स्थळ यायला त्याची गाडी किती चाकांची आहे याने काही फरक पडत नाही, आणि म्हणून विजेवरची तीनचाकी पुन्हा शहरांत दिसू लागली आहे. जून २०२५ मध्ये कंपनीने ३ लाख ९९ हजारांपासून सुरू होणारी 'एस प्रो' आणली, पेट्रोल, सीएनजीसह आणि विजेवरची. ती पुन्हा पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्या माणसासाठी आहे असं दिसतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये टाटा मोटर्सची फाळणी झाली. मोटारी एका कंपनीत, ट्रक-टेम्पो दुसरीत, आणि त्या दुसरीच्या प्रमुखपदी गिरीश वाघ आहेत. त्याच वर्षी इटलीची ट्रक कंपनी इव्हेको ३.८ अब्ज युरोंना घेण्याचा सौदा जाहीर झाला. तिशीत ज्याच्यापर्यंत चालकाचं बोलणं थेट पोचत होतं, त्याच्या आणि चालकाच्या मध्ये आता दोन खंड, कित्येक कारखाने आणि अहवालांचे मजले आहेत. पिंपरीत आज तिशीतला कोणी अभियंता तीनचाकीवाल्यांशी बोलून आला, तर त्याची वही कोणाच्या टेबलावर जाते आणि वाटेत किती जण ती संक्षिप्त करतात, हे मला त्या युरोंच्या आकड्यापेक्षा आधी जाणून घ्यायला आवडेल.